न्यूटॉक ते मेर्तार्विक: एक गाव हलवायला तीस वर्षं का लागली?

किनारा व्यवस्थापन शिकणाऱ्यांसमोर उत्तर ध्रुवाकडचं एकच प्रकरण ठेवायचं झालं, तर मी अलास्कातल्या न्यूटॉक गावाचं ठेवेन. कारण इथे नेहमीच्या सबबी टिकत नाहीत. धोका वेळेत कळला नाही म्हणावं, तर धुपीचं मोजमाप 1983 पासून कागदावर आहे. लोक जागा सोडायला तयार नव्हते म्हणावं, तर हलण्याचा निर्णय त्यांनीच घेतला, नवी जागाही त्यांनीच शोधली. देश गरीब म्हणावा, तर हा देश अमेरिका आहे. तरीही नियोजन सुरू झालं 1994 मध्ये आणि शेवटची कुटुंबं मेर्तार्विक या नव्या गावात पोचली 2024 मध्ये. ही मधली तीस वर्षं कुठे गेली, हेच या प्रकरणात तपासायचं आहे.

गाव तिथे कसं बसलं

पश्चिम अलास्कात युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन मोठ्या नद्यांनी मिळून एक प्रचंड त्रिभुज प्रदेश तयार केला आहे. सपाट, झाडं नसलेला, हजारो तळ्यांनी भरलेला. हा युपिक या मूलनिवासी लोकांचा मुलूख. न्यूटॉक त्यातलंच साधारण साडेतीनशे वस्तीचं एक गाव होतं. बाहेरून येणारा रस्ता नव्हता. छोटं विमान, उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावर चालणारी स्नोमोबाइल, एवढीच साधनं. मासे, सील, पक्षी आणि टुंड्रावरची रानफळं यांवर घरं चालत. जमीन इतकी भुसभुशीत की घरांमधून लाकडी फळ्यांच्या वाटा टाकलेल्या असत. त्यावरूनच माणसं चालत आणि चारचाकी मोटारसायकली धावत. घराघरांत नळ नव्हता, मैला वाहून नेणारी गटारं नव्हती. शौचाला बादली वापरायची आणि ती बाहेर नेऊन रिकामी करायची.

युपिक लोक पूर्वी वर्षभर एका जागी राहत नसत. हिवाळ्यात एक मुक्काम, उन्हाळ्यात नेल्सन बेटावर मासेमारीचा दुसरा. त्यांचं आधीचं हिवाळी गाव कियालाविक पाण्याने भिजून खचू लागलं, तेव्हा 1949 च्या सुमारास ते उठून जवळच्या दुसऱ्या जागी आले. यात कुणाची परवानगी लागली नाही, कुणी अंदाजपत्रक केलं नाही. मग 1950 च्या दशकाच्या अखेरीस संघराज्य सरकारच्या आदिवासी कारभार खात्याने तिथे शाळा बांधली. शाळेची जागा न्यूटॉकला का, तर बांधकामाचं सामान घेऊन येणारा बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) नदीतून तिथवरच येऊ शकत होता. मुलांना शाळेत घालणं सक्तीचं, म्हणून आईबाप शाळेजवळ राहिले, मग विमानाची धावपट्टी आली, डिझेलच्या टाक्या आल्या, आणि फिरतं गाव कायमचं बसलं.

हा इतिहास पार्श्वभूमी म्हणून वाचून सोडून देण्यासारखा नाही. जी जमात पाण्याचा रोख बघून जागा बदलत होती, तिला सरकारनेच एका जागी खिळवलं. आणि ती जागा किनारा पाहून नव्हे, बार्जची सोय पाहून निवडली होती. पुढे जबाबदारी कुणाची असा प्रश्न आला तेव्हा ही गोष्ट कुठल्याच कार्यालयाच्या हिशेबात धरली गेली नाही.

कडा कसा ढासळतो

न्यूटॉकच्या दक्षिणेकडून निंगलिक नदी वाहते. बेअर्ड इनलेट नावाच्या आतल्या जलाशयाला ती बेरिंग समुद्राशी जोडते. नावाला नदी, पण तिच्यात भरती-ओहोटी चालते आणि समुद्रातल्या वादळाचं पाणी तिच्यातून आत घुसतं.

तिचा काठ जवळून पाहिला तर बारीक गाळ आणि बर्फ यांचे थर दिसतात. ही पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. तिच्यातल्या बर्फाचं काम सिमेंटसारखं: गाळाचे कण त्यानेच एकत्र धरलेले असतात. उन्हाळ्यात नदीचं पाणी काठाच्या पायथ्याला लागतं. पाणी गोठणबिंदूच्या थोडं वर असलं तरी पुरतं. पायथ्याचा बर्फ वितळतो, सुटलेला गाळ वाहून जातो आणि काठाखाली आडवी खाच पडते. खाच आत आत सरकते. वर गवत, शेवाळं आणि रानफळांची झुडपं असलेली टुंड्राची जाड लादी अधांतरी राहते. जमिनीत उभ्या बर्फाच्या पाचरी असतात, तिथे तिला तडा जातो आणि संपूर्ण लादी एका तुकड्यात पाण्यात पडते. तो तुकडाही पुढे वितळतो आणि त्याचा गाळ पाण्यात मिसळून निघून जातो.

कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यांशी हा मोठा फरक आहे. आपल्याकडे पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि शांत हंगामात त्यातली बरीचशी परत आणतात, म्हणून एका वर्षाच्या धुपीवरून घाईने निष्कर्ष काढू नये असं आपण शिकवतो. न्यूटॉकच्या काठाला परतीचा हंगामच नाही. बर्फाचं पाणी झालं, बारीक गाळ समुद्राकडे गेला, की परत येण्यासारखं काही उरत नाही.

त्यात शरद ऋतूतल्या वादळांची भर. पूर्वी ही वादळं येईपर्यंत किनाऱ्यालगत समुद्र गोठू लागलेला असायचा आणि त्या बर्फामुळे लाटांचा जोर मोडायचा. आता समुद्र उशिरा गोठतो, त्यामुळे तीच वादळं उघड्या पाण्यावरून थेट काठावर येतात. दुसरीकडे गावाखालची जमीन वरूनही वितळत होती. घरं कलत होती, दारं लागेनाशी होत होती, लाकडी वाटा चिखलात रुतत होत्या.

1954 च्या हवाई छायाचित्रापासून पुढच्या जवळपास पन्नास वर्षांची काठरेषा एकावर एक ठेवून पाहिली, तर नदी वर्षाला सरासरी 70 फुटांच्या आसपास गावाकडे सरकलेली दिसते. पण सरासरीपेक्षा काय काय गेलं ते महत्त्वाचं. 1996 मध्ये निंगलिकने गावाशेजारच्या छोट्या न्यूटॉक नदीचा काठ फोडून ती गिळली. छोट्या नदीचा प्रवाह थांबला, तिचं डबकं झालं. पूर्वी गावचा मैला ती वाहून नेत असे, तो आता गावालगत साचू लागला. कचरा टाकायची जागा त्याच सुमारास पाण्यात गेली. 2005 मध्ये बार्ज लागण्याचा धक्का गेला, म्हणजे इंधन आणि बांधकामाचं सामान उतरवायची सोय गेली. त्याच वर्षीच्या वादळात गावाला चारही बाजूंनी पाण्याने वेढलं. 1989 ते 2006 या काळात आलेल्या सहा मोठ्या वादळांपैकी पाचांच्या वेळी संघराज्य सरकारने आपत्ती जाहीर केली.

घर पाण्यात पडणं हा धुपीचा शेवटचा टप्पा असतो. त्याच्या कितीतरी आधी गावाचा कचरा, सांडपाणी, धक्का, इंधन या एकेक गोष्टी जातात आणि माणसं आजारी पडू लागतात. न्यूटॉकमध्ये दाटीवाटीची, बुरशी धरलेली घरं आणि साचलेला मैला यांच्या जोडीला तान्ह्या मुलांमध्ये श्वसनाच्या आजारांचं प्रमाण मोठं होतं. धुपीच्या नकाशात हे दिसत नाही. किनारा व्यवस्थापनाच्या अहवालांत 'बाधित घरे' असा एक रकाना असतो; तो शून्य असतानाही गाव संकटात असू शकतं.

बंधारा, आणि मग दुसरी जागा

पहिला उपाय अपेक्षित तोच झाला. आपल्या किनाऱ्यावर धूप दिसली की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. तिथेही 1983 ते 1989 दरम्यान अलास्का राज्याने काठ अडवण्यावर सुमारे 15 लाख डॉलर खर्च केले. वाळूच्या पिशव्या लावून पाहिल्या. ज्या काठाचा पायाच वितळतो, त्याच्यावर वजन टाकून काही साधलं नाही.

पण 1983 च्याच पाहणी अहवालात पुढची गोष्ट लिहिलेली होती: पंचवीस-तीस वर्षांत गावातल्या इमारतींना धोका पोचेल, आणि नदी अडवत बसण्यापेक्षा गाव हलवणं बहुधा स्वस्त पडेल. हा अंदाज जवळजवळ तंतोतंत खरा ठरला. तंत्रज्ञांनी आपलं काम चोख केलं होतं, हे मुद्दाम नोंदवायला हवं.

1994 मध्ये गावच्या पारंपरिक परिषदेने स्थलांतराचं नियोजन हाती घेतलं. पसंती पडली ती नेल्सन बेटावरच्या मेर्तार्विक या जागेला. नदीपलीकडे, साधारण 9 मैलांवर. जागा उंचावर, खाली ज्वालामुखीचा खडक, गोड्या पाण्याचा झरा, आणि पूर्वजांच्या उन्हाळी मुक्कामांचा ओळखीचा परिसर. गावाने वारंवार कौल घेतला तेव्हा भरघोस मतं याच जागेला पडली. मोठ्या शहरात किंवा दुसऱ्या गावात विखरून जायचं नाही, एकत्र राहायचं, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

पुनर्वसनाच्या बहुतेक प्रकरणांत इथवर यायलाच आयुष्यं जातात. न्यूटॉकचे लोक दोन-तीन वर्षांत इथे आले होते.

अडलं कुठे

पहिली अडचण जमिनीची. मेर्तार्विकची जमीन राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात होती. अदलाबदल करायची तर अमेरिकी काँग्रेसने कायदा करायला हवा. तो झाला 2003 मध्ये. गावाने आपली जमीन वन्यजीव खात्याला दिली आणि बेटावरची घेतली. नुसत्या सातबाऱ्यासाठी, असं आपण म्हणू, नऊ वर्षं गेली.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. अमेरिकेत एखादं अख्खं गाव हलवणं हे कोणत्याच खात्याचं काम नाही. विमानतळ बघणारं खातं आहे, घरं बांधणारं आहे, शाळांचं, पाण्याचं, टपालाचं आहे. गावाचं नाही. आपत्ती निवारणाचा जो मुख्य कायदा आहे, स्टॅफर्ड कायदा, तो घटनेभोवती रचलेला आहे. वादळ, पूर, भूकंप, वणवा अशी काहीतरी घटना एका तारखेला घडावी लागते. मग मदत सुरू होते, आणि तीही मुख्यतः मोडलेलं होतं तिथेच परत उभं करण्यासाठी. रोज थोडा थोडा काठ जाणं ही या कायद्याच्या लेखी घटनाच नव्हे. न्यूटॉकने 2016 च्या अखेरीस थेट धूप आणि वितळती जमीन यांसाठीच आपत्ती जाहीर करा अशी मागणी केली. जानेवारी 2017 मध्ये ती फेटाळली गेली.

तिसरी अडचण लाभ-खर्चाच्या गणिताची, आणि मला ती सगळ्यांत अन्यायाची वाटते. काठ वाचवायच्या कोणत्याही योजनेत खर्चापेक्षा वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत जास्त असली पाहिजे, असा निकष. साडेतीनशे लोकांची छोटी लाकडी घरं आणि दुर्गम भाग म्हणून सामानाची अव्वाच्या सव्वा वाहतूक. हे गणित जुळणारच नव्हतं. सीलची शिकार, माशांचे वाळवणीचे मांडव, ज्या काठावरून होड्या निघतात तो काठ, जिवंत असलेली युपिक भाषा, यांची त्या तक्त्यात किंमत शून्य. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण संस्थेने 2003 मध्ये पाहणी केली तेव्हा अलास्कातल्या 213 मूलनिवासी गावांपैकी 184 गावांना पूर किंवा धूप यांचा त्रास असल्याचं आढळलं. आणि त्यातली बहुतेक गावं मदतीच्या निकषांत बसत नाहीत, हेही त्याच अहवालात होतं. 2009 च्या अहवालात 31 गावांना तातडीचा धोका असल्याचं म्हटलं.

चौथी अडचण अडकवून टाकणारी. जुन्या गावात पैसा घालायला खाती तयार नाहीत, कारण ते जाणारच आहे. नव्या गावात घालायला तयार नाहीत, कारण तिथे कुणी राहत नाही. राज्याच्या निधीवर शाळा हवी तर किमान दहा मुलं हवीत. मुलं येण्यासाठी घरं हवीत. घरांच्या सामानासाठी धक्का आणि रस्ता हवा. धक्क्याला निधी मिळायला तिथे गाव असायला हवं. या वर्तुळात वर्षं जात राहिली आणि जुन्या गावात मोडलेल्या वस्तू दुरुस्तीशिवाय पडून राहिल्या.

इथे महाराष्ट्राची आठवण होणं स्वाभाविक आहे. धरणग्रस्तांच्या चळवळीने 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी लावून धरली, त्यातून पुनर्वसनाचे कायदे झाले, नव्या गावठाणात नागरी सुविधा देणं सरकारवर बंधनकारक झालं. अंमलबजावणीत काय होतं हे कोयनेपासून सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मागायला एक दार आहे, मोर्चा न्यायला एक कार्यालय आहे. धरणाला मालक असतो. काठ खाणाऱ्या नदीला मालक नसतो, त्यामुळे धुपीने उठणारं गाव कुणाचंच प्रकल्पग्रस्त ठरत नाही. भारतातही धूप अनेक वर्षं आपत्तीच्या यादीबाहेरच होती. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला 1,000 कोटी रुपयांची वेगळी तरतूद सुचवली, तेव्हा कुठे या माणसांना हिशेबात स्वतंत्र जागा मिळाली.

ज्यांनी गाडा ओढला

2006 मध्ये न्यूटॉक नियोजन गट स्थापन झाला. गावची परिषद आणि राज्य व संघराज्याची वेगवेगळी खाती एका टेबलाशी बसू लागली. या गटामागे कायद्याचं बळ नव्हतं, स्वतःचा निधी नव्हता. एवढंच होतं की कोणत्या खात्याच्या कोणत्या योजनेतला कोणता तुकडा मेर्तार्विकसाठी वापरता येईल, हे सगळे मिळून शोधत. 2009 मध्ये लष्कराच्या एका प्रशिक्षण कार्यक्रमातून सैनिक तिथे आले. त्यांना दुर्गम भागात बांधकामाचा सराव हवा होता, गावाला मनुष्यबळ हवं होतं. धक्का, रस्ता, आपत्कालीन निवाऱ्याची तयारी अशी कामं यातून पुढे सरकली. प्रशासनाच्या अभ्यासात या गटाला आदर्श म्हणून दाखवतात. त्यातल्या माणसांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण आदर्श म्हणून तो शिकवू नये असं माझं मत आहे. सैन्याच्या सरावाचा हंगाम आणि गावाची गरज योगायोगाने जुळावी लागते, ही व्यवस्था नव्हे.

या रचनेचं सगळं ओझं गावच्या छोट्या परिषदेवर होतं. डझनावारी अनुदानांचे अर्ज, हिशेब, तपासण्या, आणि ते सांभाळणारी माणसं मोजकी. 2012 च्या सुमारास परिषदेचं नेतृत्व कुणाचं यावर गावात फूट पडली. दोन गट, दोघांचाही दावा. अनुदानं गोठली. वाद मिटेपर्यंत 2015 उजाडलं. पुष्कळ लेखनात उशिराचं खापर या भांडणावर फोडलेलं दिसतं. मला ते पटत नाही. साडेतीनशे वस्तीच्या गावाने कोट्यवधी डॉलरचा प्रकल्प एका परिषदेच्या बळावर चालवावा अशी रचना करायची, आणि परिषद मोडली की गावाला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. त्या तीन वर्षांतही नदी सरकतच होती.

पैशांचा अंदाजही बघण्यासारखा आहे. लष्करी अभियंता दलाने 2006 मध्ये न्यूटॉक हलवायचा खर्च 8 ते 13 कोटी डॉलर काढला होता. इतकी रक्कम एकरकमी कुणी दिलीच नाही. सप्टेंबर 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा अलास्कात आले, तेव्हा डेनाली आयोग या अलास्कातल्या विकासकामांसाठीच्या संघराज्य संस्थेला अशा गावांसाठी समन्वयाची जबाबदारी देण्याची घोषणा झाली. 2018 मध्ये काँग्रेसने या आयोगामार्फत 1.5 कोटी डॉलर दिले आणि त्यानंतर घरं उभी राहू लागली. 2022 मध्ये आणखी 2.5 कोटी मंजूर झाले. म्हणजे जमिनीचा कायदा झाल्यानंतरही खरा पैसा यायला पंधरा वर्षं लागली.

नवं गाव

ऑक्टोबर 2019 मध्ये पहिली कुटुंबं मेर्तार्विकला राहायला गेली. साधारण तिसरा हिस्सा गाव. पुढची पाच वर्षं एक गाव दोन ठिकाणी होतं: दोन शाळा, दोन जनित्रं, दोन ठिकाणी इंधन, आणि आजी एका काठावर तर नातवंडं दुसऱ्या. नियोजनाच्या पुस्तकांत टप्प्याटप्प्याने स्थलांतर करा असं सहज लिहिलेलं असतं. टप्पा लांबला की तो कुटुंबांच्या अंगावर येतो, आणि जुन्या गावात मागे राहिलेल्यांच्या वाट्याला सगळ्यांत वाईट दिवस येतात. न्यूटॉकमध्ये अखेरच्या काळात वीज वरचेवर जात होती. 2024 च्या शरद ऋतूत शेवटची कुटुंबं हलली आणि जुन्या गावची वीज बंद करण्यात आली.

नव्या गावाचं चित्र अर्धंच समाधानाचं आहे. पायाखाली घट्ट जमीन आहे, पाणी स्वच्छ आहे, वादळाच्या रात्री उठून बसावं लागत नाही. पण बहुतेक घरांत अजून नळ नाही, बादलीची पद्धत तिथेही सुरूच राहिली. काही वर्षांपूर्वीच बांधलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांत पावसाचं पाणी झिरपतं, पाया हलतो, विजेच्या जोडण्यांत बिघाड आहेत. घाईत, तुकड्यातुकड्याने आलेल्या निधीतून, बांधकामाच्या छोट्या हंगामात घरं बांधली की काय होतं त्याचा हा पुरावा. बार्ज फक्त बर्फ नसलेल्या महिन्यांत येतो. एक खेप चुकली की काम पुढच्या वर्षावर. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा, याला पुन्हा खातं नाही.

वर्गात हे प्रकरण घेताना मी विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला सांगेन. डाव्या बाजूला वर्ष आणि त्या वर्षी नदीने काय नेलं. उजव्या बाजूला त्याच वर्षी कोणता अर्ज, कायदा, आदेश किंवा अनुदान झालं. 1996 समोर, 2005 समोर, 2012 ते 2015 समोर काय येतं ते त्यांनी स्वतः भरावं. शक्य तर दुसरा तक्ता किपनुक आणि क्विगिलिंगॉक या गावांचा करावा. ती याच त्रिभुज प्रदेशातली, पण अजून न हललेली. ऑक्टोबर 2025 मध्ये हालोंग वादळाचा अवशेष तिथे आदळला, घरं पायावरून उचलली जाऊन माणसांसकट वाहत गेली, आणि हजाराहून जास्त लोकांना विमानांनी बाहेर काढावं लागलं. त्यांतले कित्येक अँकरेज शहरात आसऱ्याला गेले. स्टॅफर्ड कायद्याला हवी असते तशी, एका तारखेला घडलेली घटना त्यांच्याकडे आता आहे. परत तिथेच बांधायचं की उंचावर जागा शोधायची, हा प्रश्न त्यामुळे त्या गावांपुढे उभा राहिला.